ओलीची खोली

कुणीच काही बोलेना.

टेबलाच्या मधोमध पातळ, भाजलेल्या पापुद्र्यांची बशी होती. प्रतिष्ठानाच्या बैठकीला ती नेहमीच असे आणि पहिला विषय निघण्याआधीच तिचा फडशा पडे. आज तिला कुणी शिवले नव्हते. पापुद्रा मोडला की आवाज होतो. आणि या शांततेला पहिला तडा आपल्या दातांनी जावा, अशी तिघांपैकी कुणाचीच इच्छा नव्हती.

“मी ओलीच्या खोलीबद्दल बोलत होते,” ताई पुन्हा म्हणाली. पहिल्यांदा हेच वाक्य उच्चारताना तिचा आवाज चढला होता. आता तो गढूळ पाण्यातल्या गाळासारखा तळाशी जाऊन बसला होता.

फादर खिडकीबाहेर पाहत राहिले. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला.

“ताई, शब्द तुमचाच आहे,” ते अखेर त्या चष्म्यालाच उद्देशून म्हणाले. “मागच्या बैठकीत, याच खुर्चीवर बसून. ‘नवं यंत्र आलं की मागचं सगळं रिकामं करता येईल.’ आम्ही त्यावरच तर पुढे गेलो.”

“‘मागचं’ म्हणजे ओलीची खोली! कारखान्यात कुणालाही विचारा.”

“आणि ऑफिसात कुणालाही विचारा. ‘मागचं’ म्हणजे आसरा.”

दोन्ही खरे होते, आणि दुःख तिथेच होते. ओलीची खोली आणि आसरा पाठीला पाठ लावून उभे होते. मधली भिंत एकच. कारखान्याच्या दारातून पाहिले की मागे खोली येई, चर्चच्या कार्यालयातून पाहिले की मागे आसरा येई. इतकी वर्षे एकाच आवारात वावरणारी माणसे दोन निराळ्या दिशांना ‘मागे’ म्हणत आली होती आणि त्यावाचून कधी कुणाचे अडले नव्हते. एका साध्या शब्दाच्या पोटात एक अख्खे घर लपून बसले होते. ताईने तो शब्द उच्चारला, आणि घर गेले.

आवार चर्चचे, कारखाना प्रतिष्ठानाचा, आणि प्रतिष्ठान थोरल्या फादरांच्या एका हट्टाचे. ते आता हयात नव्हते. हट्ट तेवढा मागे राहिला होता. दानपेटीकडे डोळे लावून सेवा करायची नाही. आधी कमवायचे, मग द्यायचे. पीठ आणि पाणी एवढ्याच भांडवलावर त्यांनी भट्टी पेटवली. वेदीवर अर्पण होणारी पातळ भाकर, म्हणजे हाच पापुद्रा, इथे भाजली जाई आणि दूरदूरच्या चर्चना जेवढ्यास पडे तेवढ्यासच दिली जाई. देवाच्या भाकरीवर नफा खायचा नाही, असा दंडकच होता. नफा घ्यायचा तो गोड चकत्यांवर. त्याच पिठात साखर घालून भाजलेल्या, आइस्क्रीमच्या दुकानांत खपणाऱ्या चकत्या. या चकत्यांनी डोंगरापलीकडे प्रार्थनाघरे उभी केली, धर्मशिक्षकांचे पगार भागवले, दवाखाना चालवला, आणि आसरा चालवला: ज्यांचे वय वाढले पण जग वाढले नाही, अशा माणसांचे घर. “पोरं चकती चघळतात,” थोरले फादर हसून म्हणत, “आणि त्यांना पत्ताही नसतो की तोंडात कुणाचं तरी औषध विरघळतंय.”

अलीकडे चकत्यांचा खप उतरणीला लागला होता. ताई कारखान्याची व्यवस्थापक. तिनेच उंबरठे झिजवून आइस्क्रीमच्या एका मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळवली. त्या ऑर्डरला पुरे पडेल असे लांबलचक नवे यंत्र हवे, हे तिनेच पटवले. ते यंत्र पापुद्रा कोरडाच कापते, त्यामुळे कापण्याआधी द्याव्या लागणाऱ्या ओलीची गरज उरत नाही, हेही तिनेच समजावले. करार झाला. यंत्राची आगाऊ रक्कम गेली. आणि आज नकाशा टेबलावर उलगडला तेव्हा कळले, की यंत्र ओलीच्या खोलीत थांबत नाही. भिंत ओलांडून ते आसऱ्यातल्या शेवटच्या खाटेपर्यंत जाते. तिथल्या माणसांची सोय दूरच्या एका मोठ्या संस्थेत लावून झाली होती. इतकी दूर, की सकाळी निघालेला माणूस तिथे दिवेलागणीला पोचावा.

त्या माणसांत बाळ होता. ताईचा धाकटा भाऊ. कानांपाशी पांढरा होऊ लागलेला बाळ.

“तिथे दिवसरात्र डॉक्टर आहेत,” वकीलसाहेब म्हणाले. “बाग आहे. आपल्याकडे काय आहे, तुम्हीच सांगा. गळकं छप्पर?”

“आपल्याकडे मी आहे,” ताई म्हणाली.

वकीलसाहेबांना चष्मा पुन्हा पुसावा लागला.

फादर खिडकीपासून वळले. ते तरुण होते. त्यांना कठोर होता येत नसे, आणि याची त्यांना मनातून लाज वाटे. “ताई, तुम्ही एक शब्द बोला. मी करार मोडतो. खरंच सांगतो, मोडतो.”

ते तोंडदेखले बोलत नव्हते, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते. करार मोडला तर आधी भट्टी विझणार होती, मग दवाखाना, मग प्रार्थनाघरांतले दिवे, आणि शेवटी आसराही. हे सारे तिनेच मागच्या बैठकीत मांडले होते, इतके चोख, इतके बिनतोड, की आता तिला स्वतःलाही त्यातून बाहेर पडायला फट उरली नव्हती. स्वतःच्या हाताने विणलेल्या पिंजऱ्याची वीण माणूस किती सुबक काढतो.

“नका मोडू,” ती म्हणाली.

फादरांनी नकळत बशीतला एक पापुद्रा उचलला. तो बोटांतच मोडला. आवाज झाला. चोरी पकडल्या गेलेल्या मुलासारखे ते दोन तुकडे हातात धरून उभे राहिले. धड खाववेनात, धड ठेववेनात.

“बाळला कोण सांगणार?” त्यांनी हलकेच विचारले. “आसऱ्यातल्या सिस्टर म्हणतात, त्यांचं तो ऐकून घेणार नाही.”

“मी सांगते,” ताई उठत म्हणाली. “‘मागचं’ मीच म्हणाले ना.”

कारखान्यात भट्टीची कोरडी ऊब होती. लोखंडी साचे जबड्यांसारखे मिटत होते, उघडत होते, आणि प्रत्येक उघडण्यासरशी एकेक पांढरा, अर्धपारदर्शक पापुद्रा जन्माला येत होता. नुकता भाजलेला पापुद्रा फार मानी असतो. त्याला पाते लागले की तो कापला जात नाही, फुटतो; काचेसारखा, एकदम, सगळीकडून. म्हणून कापण्याआधी त्याला ओल द्यावी लागते. ओलीच्या खोलीत भिंतींवर भिजवलेली गोणपाटे टांगलेली असतात, परातींतल्या पाण्याची वाफ वर चढत असते, आणि मांडण्यांवर पसरलेले पापुद्रे ती हवा मुकाट पीत पडून राहतात. हळूहळू त्यांचा ताठा उतरतो. मग त्यांतून हव्या तेवढ्या चकत्या कापाव्यात. एक कण सांडत नाही, हूं की चूं होत नाही.

यावरून कारखान्याच्या बोलण्यात एक वाक्प्रयोग रुजला होता. साहेबलोक अचानक घरच्यांची विचारपूस करू लागले की समजावे, रजा नामंजूर झाली. “ओल देतायत रे,” माणसे एकमेकांना कोपराने ढोसत. जुनी मंडळी तर तोंडावर सांगत, “ओल देऊ नका, थेट कापा.”

कापणीच्या टेबलामागून काकूंनी मान वर केली. चकत्या पाडणाऱ्या पात्यावर त्यांचा हात बसला होता आणि जिभेवर दुसरे पाते होते. “काय ताई, आटोपली बैठक? तोंड का असं, कोरडा पापुद्रा कापल्यासारखं?”

“काही नाही हो काकू. तुमचा गुडघा कसा आहे?”

काकूंचा हात थांबला. “माझा गुडघा?” त्या सावकाश म्हणाल्या. “अगं बाई! कुणावर पातं पडणार आहे आज?”

“तुमच्यावर नाही.”

“मग?”

ताईची नजर ओलीच्या खोलीच्या दाराकडे गेली आणि चटकन परत आली. पण काकूंनी ती जातानाच गाठली होती. चकत्या पाडून झाल्यावर पापुद्र्यांच्या ज्या जाळ्या उरतात, त्यांतली एक अखंड जाळी त्यांनी दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि ताईच्या हातात दिली. गोल गोल रिकाम्या जागांचे ते नाजूक वस्त्र हवेच्या झुळकीनेही थरथरत होते.

“त्याची रोजची आहे,” काकू म्हणाल्या. “ने. रिकाम्या हाती जाऊ नकोस.”

दाराबाहेर ताई थोडा वेळ उभीच राहिली.

हे दार तिच्या आईचे होते. आईने साऱ्या हयातीत याच खोलीत गोणपाटे भिजवली. बाळला तिने मांडणीखालच्या टोपलीत वाढवला. तो चार पावले उशिरा चालला, चार शब्द उशिरा बोलला, आणि मग तिथेच थांबला. पण पापुद्र्याला बोटाची पाठ लावून “झाला” किंवा “नाही झाला” हे त्याला कळू लागले. कामगार त्याला ‘वेधशाळा’ म्हणत. “ती सरकारी वेधशाळा पाऊस सांगते आणि ऊन पडतं,” काकू म्हणत, “आपली तशी नाही बरं.” आई गेली तेव्हा तो आसऱ्यात झोपू लागला आणि भिंतीच्या अलीकडे दिवसभर काम करू लागला. त्याचे सारे जग एका भिंतीच्या दोन बाजूंना होते, आणि तिसऱ्या बाजूला ताई होती.

एकदा तिने त्याला स्वतःच्या घरी नेऊन पाहिले होते. तो पहाटे उठून दार उघडून निघे. कुठे तरी कारखाना असेल म्हणून दिसेल त्या रस्त्याने चालत सुटे. एकदा भर चौकात त्याला फिट आली आणि अनोळखी माणसांनी त्याला उचलून कडेला ठेवले. त्याच्यापाशी सतत कुणीतरी हवे होते. ते कुणीतरी ताई होऊ शकली असती, नोकरी सोडून. आत्ता, दाराबाहेर, हा विचार पुन्हा आला. खिडकीतून दिसलेल्या नकोशा पाहुण्यासारखा तिने त्याला येताना पाहिला, त्याची थाप ऐकली, आणि श्वास रोखून आत बसून राहिली. मी गेले तर हा कारखाना कोण चालवील, असे ती स्वतःला सांगत होती. ते खरेही होते. पण त्या खऱ्याच्या मागे आणखी एक खरे उभे होते: या भट्टीवाचून, या ऑर्डरींवाचून, लोकांच्या तोंडच्या ‘ताई’ या हाकेवाचून आपण कुणीच नाही, याचे भय. पाहुणा थाप देऊन देऊन परत गेला.

तिने दार लोटले.

“दार!” आतून आवाज आला. बिशप पाहणीला आले तेव्हा त्यांनाही हीच गर्जना ऐकावी लागली होती. दार उघडे राहिले की बाहेरची कोरडी हवा आत येते आणि पापुद्रे वाकडे होऊन तडकतात. बाळच्या लेखी याहून मोठे पाप बायबलात नव्हते.

“लावलं रे.”

“नीट?”

“नीट.”

बाळ पाठमोरा उभा राहून गोणपाट पिळत होता. कमरेला आईचाच जुना एप्रन. खोलीत दिव्याभोवती धुक्याचे वलय होते, आणि सगळे आवाज कुणीतरी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखे दबलेले.

“जेवलास का?”

“जेवलो.”

“पोटभर?”

“हो.”

“रात्री झोप लागली नीट?”

“तू काय आज सिस्टर झालीस?” बाळ खूश होऊन हसला. आपल्या विनोदावर तो नेहमी दोनदा हसे; दुसऱ्यांदा, पहिले हसू आठवून.

ताईने जाळी पुढे केली. त्याने ओले हात एप्रनला पुसले, जाळी घेतली आणि रोजच्यासारखी तोंडासमोर धरली. गोल भोकांमधून त्याचा एक डोळा, नाकाचा शेंडा, हनुवटी असे तुकडे तुकडे तिला दिसू लागले. त्यालाही ती तशीच दिसत असणार.

“ताईचे तुकडे,” तो म्हणाला. “इथे नाक. इथे कान. इथे डोळा.”

“डोळा कसा आहे?”

“गळका. आमच्या छपरासारखा.”

तिने चटकन पदराने डोळे टिपले. “बाळ, तुला झाडं आवडतात ना रे? मोठी बाग असली, तर? रोज फिरायला मिळालं तर?”

जाळी खाली आली. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. मांडणीवरच्या एखाद्या पापुद्र्याबद्दल शंका आली की पाही, तसे.

“ताई,” तो म्हणाला, “तू मला ओल देतेस?”

तिला वाटले होते, हा वाक्प्रयोग त्याला ठाऊक नसेल. पण तो तर याच खोलीत वाढला होता. त्याने तो आईच्या दुधाबरोबरच प्यायला असणार.

“हो,” ती म्हणाली. “देत होते. आता नाही देत.” आणि तिने सांगितले. नवे यंत्र येणार. ही खोली जाणार, भिंत जाणार, आसरा जाणार. सगळ्यांना दूर, मोठ्या घरी राहायला जायचे आहे. सिस्टर पोचवायला येतील. डॉक्टर आहेत, बाग आहे. ती सुट्टीच्या दिवशी भेटायला येईल.

“दर सुट्टीला?”

“जमेल तेव्हा येईन.”

“तिथे पापुद्रे आहेत?”

“नाहीत.”

“मग ओल कोण बघतं?”

“तिथे ओल लागत नाही, बाळ.”

“आणि इथे?”

“इथेही आता लागणार नाही.”

बाळने मांडण्यांकडे एक नजर टाकली. पापुद्र्यांच्यादेखत असे बोलायला नको होते, असा काहीसा भाव त्याच्या चेहऱ्यावर आला. मग त्याने आवाज उतरवून विचारले, “कोण म्हणालं?”

कुणाचेही नाव घेता आले असते. फादर. वकीलसाहेब. कंपनी. यंत्र. यांतले एकही उत्तर खोटे ठरले नसते.

“मी,” ताई म्हणाली. “मी म्हणाले, मागचं रिकामं करता येईल.”

बाळच्या कपाळावर आठी पडली. तो मनातल्या मनात ते वाक्य उलटसुलट करून पाहत होता.

“पण मागचं म्हणजे तर ही खोली,” तो म्हणाला.

ताईने काहीतरी धरायचे म्हणून मांडणीची कड धरली. फादर, वकील, बिशप, साऱ्या शहाण्या जगात या एका माणसाला तिचा शब्द जसा तिच्या मनात होता तसा कळला होता.

“हो रे,” ती म्हणाली. “हीच खोली. मी हीच म्हणाले होते.”

“मग आम्ही का?”

उत्तर तिच्या जिभेवर होते. तू माझ्याकडे चल. एवढेच, तीनचार शब्द. ते जिभेवर पातळ, पांढरे, कोरडे पडून होते, आणि तिला पक्के ठाऊक होते की उच्चारायला गेले की त्यांचा चुरा होईल. त्यातला एक कणही तिला निभावता यायचा नाही. तिने ओठ मिटले. ते शब्द तिथेच विरघळले. त्यांना कसलीच चव नव्हती.

बाळ जवळ आला. त्याने उजव्या हाताचे मधले बोट वाकवले आणि त्याची पाठ तिच्या गालाला लावली. हलकेच, डोळे मिटून, मान थोडी कलती करून. तपासताना तो असाच उभा राहत असे. बोट गालावरून हनुवटीपर्यंत उतरले, तिथे थांबले.

“झाला,” तो म्हणाला. “आता फुटायचा नाही.”

तेव्हा ताई रडली. आवाज न करता, त्या खोलीच्या शिस्तीत बसेल तेवढेच. परातींतून वाफ वर चढत होती. मांडण्यांवर उद्याच्या चकत्या, उद्याचा दवाखाना, उद्याची प्रार्थनाघरे पांढरीशुभ्र पसरलेली होती आणि आपापल्या वाट्याची ओल पीत होती.

“बाळ,” तिने विचारले, “जाशील ना रे?”

त्याने एप्रनची गाठ सोडली. गाठ ओली होती, सुटायला वेळ लागला. एप्रन त्याने घडी घालून आईच्या खिळ्यावर टांगला, खाली पडलेले गोणपाट उचलून जागच्या जागी लावले, आणि मग जाळी उचलून दोन्ही तळहातांवर आडवी घेतली. ताईच्या बाजूने जाताना त्याने अंग चोरले, जाळीला धक्का लागू नये म्हणून.

“सांग ना रे. जाशील ना?”

बाळ दारातून बाहेर पडला. भट्टीच्या उजेडातून, काकूंच्या टेबलाशेजारून, जाळी सांभाळत सांभाळत तो चालत गेला. त्याने मागे पाहिले नाही, आणि दार उघडेच ठेवले.